होळीपर्यंत थांबा



पौषातील एका सकाळी मी चहा घेत असताना न्यू जर्सीहून कन्येचा फोन आला. तिच्याकडे रात्र होती. आवाज काळजीचा होता. "पप्पा, दारातली हॉली वाळायला लागली. पानं कडेनं तपकिरी झाली आहेत. रोज थोडं कोमट पाणी घालू का?" शेजारी तिळगुळाची तयारी करीत बसलेल्या आमच्या सौ.ने अर्धेच ऐकले आणि म्हणाल्या, "अजून संक्रांत झाली नाही, आणि हिला आतापासून होळी कुठे आठवली?"

हॉलीचा आणि आपल्या होळीचा काही संबंध नाही. हॉली हे थंड प्रदेशातील सदाहरित झुडूप. गर्द हिरवी, चकचकीत पाने, पानांच्या कडांना काटे आणि ऐन हिवाळ्यात लालभडक फळांचे घोस. नाताळच्या दिवसांत पाश्चात्त्य देशांत दारावर जी हिरवी-लाल सजावट दिसते, ती बहुधा याचीच. याची काही भावंडे आपल्या हिमालयात आणि दक्षिणेत निलगिरीच्या डोंगरांतही आढळतात.

मी हॉली कधी लावलेली नाही. तरीही कन्येने केलेले वर्णन ऐकताच मला माझीच गच्ची आठवली. कडेने करपलेली पाने, हाती झारी घेतलेला घाबरलेला माणूस आणि "अजून थोडे पाणी घालू का" हा प्रश्न, हे सारे मी तीन वर्षांपूर्वी नाशिकमध्येच अनुभवले आहे. तिला फोनवर जे सांगितले, ते वाचकांपैकी ज्यांच्या दारात, गच्चीत किंवा दुकानामागच्या अंगणात एखादे हिरवे झुडूप आहे, त्यांनाही उपयोगी पडेल असे वाटल्यावरून या वेळचे सदर त्याच विषयाला देत आहे.

आईची कुंती

रविवार कारंज्याजवळच्या आमच्या जुन्या वाड्याच्या मागील अंगणात आईने लावलेली कुंती होती. रोपवाटिकेत हिला कामिनी म्हणतात. कढीपत्त्याची ही जवळची नातलग, आणि लिंबू-संत्र्याच्या कुळातली. बारीक, तजेलदार पाने वर्षभर अंगावर असतात. एखादा पाऊस पडून गेला की आठ-दहा दिवसांत सारे झुडूप पांढऱ्या फुलांनी भरून जाते आणि संध्याकाळी त्या सुवासाने अंगण दरवळते. पुढे शेंदरी-लाल फळे धरतात, ती खायला बुलबुल येतात. आई त्या फुलांना हात लावू देत नसे. झाडाखाली पडलेली फुले तेवढी वेचावीत, असा तिचा दंडक होता.

आई गेल्यावर काही वर्षांनी वाडा विकासकाला देण्याचे ठरले. आम्ही दोघे भाऊ. थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे 'भाऊ' म्हणतो, वडिलांचे किराणा दुकान चालवीत आले. मी बँकेत नोकरी केली. वाटणी सुरळीत झाली. भांडी, कपाटे, वडिलांच्या चोपड्या, देव्हारा, सगळ्याची यादी झाली. कुंती मात्र कोणत्याही यादीत नव्हती. शेवटच्या दिवशी अंगणात उभे राहून भाऊ म्हणाले, "तू आता निवृत्त आहेस. आईचं झाड तू सांभाळ." वाटणीत मला काय मिळाले असे कोणी विचारले, तर मी हेच सांगतो.

विकासकाला ताबा देण्याची तारीख ऑक्टोबरअखेरची होती. माळ्याने झुडूप मुळांसकट खणून काढले, अर्ध्या कापलेल्या प्लास्टिकच्या पिंपात लावले आणि आमच्या गंगापूर रोडवरील फ्लॅटच्या गच्चीवर आणून ठेवले. खणताना बरीचशी मुळे तुटली. झाड हलवायला पावसाळ्याची सुरुवात चांगली, हे मला ठाऊक होते. परंतु करारातील तारीख झाडाला विचारून ठरत नाही.

त्यानंतर मी एकामागून एक तीन चुका केल्या. झाड हलवल्याने अशक्त झाले असेल म्हणून दिवाळीनंतर खताचा भरपूर डोस दिला. आकार नीट यावा म्हणून नोव्हेंबरात कात्री चालवली. आणि माया म्हणून सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा पाणी घातले. खतामुळे आणि छाटणीमुळे डिसेंबरच्या सुरुवातीला कोवळी पोपटी पालवी फुटली. मी खूश झालो. तेवढ्यात थंडीची लाट आली. दोन रात्रींत ती पालवी काळी पडली. पाठोपाठ जुनी पानेही कडेने तपकिरी होऊन गळू लागली. मी पाणी वाढवले. पाने आणखी गळली.

महिनाभर मी भाऊंना गच्चीवर येऊ दिले नाही. ते आले की खालीच चहा करायचा, बोलता बोलता विषय बदलायचा. निवृत्त अधिकाऱ्याने खात्यातील तूट लपवावी, तसे माझे चालले होते.

सदाहरित झाड झोपत नाही

पुढचे सांगण्यापूर्वी हे असे का होते, ते समजून घेऊ. यातील कारण एकदा लक्षात आले की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत.

चाफा, पांगारा, काटेसावर ही झाडे हिवाळ्यात किंवा त्याच्या अखेरीस पाने टाकतात. पाने नाहीत म्हणजे खर्चही फारसा नाही. जणू दुकानाचे शटर खाली ओढून मालक घरी गेला. कुंती, तगर, अनंत, कण्हेर, एक्झोरा, जास्वंद यांची पाने मात्र अंगावरच राहतात. पानाला सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून दिवसभर पाण्याची वाफ बाहेर पडते. दुकान उघडे आहे, तोवर दिव्याचे बिल चालू राहते.

हिवाळ्यात अडचण अशी होते की खर्च चालू असतो आणि आवक मंदावते. थंड मातीत मुळांची पाणी ओढण्याची गती कमी होते. त्याच वेळी उत्तरेकडून येणारा कोरडा वारा आणि दुपारचे स्वच्छ ऊन पानांतील पाणी खेचून घेतात. मुळांकडून भरपाई वेळेवर झाली नाही की ज्या भागाला पाणी सर्वांत शेवटी पोहोचते, तो भाग प्रथम वाळतो. म्हणून पान टोकाकडून आणि कडेने तपकिरी होते.

माझ्या कुंतीची मुळे आधीच तुटलेली होती. त्यात ती जमिनीतून पिंपात आली. जमिनीतील झाडाला खालची माती ऊब देते. कुंडीला चारी बाजूंनी गार हवा वेढून असते, त्यामुळे कुंडीतील माती रात्री लवकर थंडावते. आणि त्या थंड मातीत मी दोन वेळा पाणी ओतत होतो. झाड पाणी ओढत नव्हते, म्हणून माती ओलीच राहत होती. सतत ओल्या मातीत हवा राहत नाही, मुळे गुदमरतात आणि कुजू लागतात. कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, म्हणून पाने तहानलेल्या झाडासारखी वाळतात. बघणाऱ्याला वाटते, झाडाला पाणी कमी पडते आहे. आणि तो आणखी पाणी घालतो. हिवाळ्यात कुंडीतील झाडे दगावतात, त्यामागे पुष्कळदा ही मायाच असते.

आपली थंडी

नाशिकची थंडी ही गंमत नव्हे. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर. वर्तमानपत्रांत हिवाळाभर नाशिक आणि निफाड असे दोन पारे शेजारीशेजारी छापले जातात. निफाडचा आकडा कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातून येतो आणि तो बहुधा शहरापेक्षा खाली असतो. डिसेंबर २०१८ च्या अखेरीस निफाडचा पारा दोन अंशांच्याही खाली उतरला होता आणि पानांवरचे दव गोठल्याची छायाचित्रे घरोघरी पोहोचली होती. रात्री सहा-सात अंश आणि दुपारी पंचवीस-अठ्ठावीस, असा फरक झाडाला एकाच दिवसात सोसावा लागतो.

या थंडीचा खरा अर्थ आपल्या द्राक्ष बागायतदारांना ठाऊक आहे. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पाने टाकून झोपी जातो. नाशिकला त्याला झोपू दिले जात नाही. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, आणि ऐन थंडीत वेलावर पाने आणि घड दोन्ही असतात. म्हणजे हिवाळ्यापुरता हा वेल सदाहरित झुडपाच्याच रांगेत येऊन बसतो. म्हणूनच लाट आली की बागायतदार मध्यरात्री उठतो, बागेत शेकोट्या करून धूर धरतो, पहाटे ठिबक सुरू करतो. ज्या जिल्ह्यात लाखमोलाचे पीक वाचवण्यासाठी माणसे रात्र रात्र जागतात, तेथे गच्चीवरचे झुडूप करपले तर आश्चर्य वाटू नये.

शेकोटीचे काम आपल्या गच्चीवर नाही. त्यात आगीचे भय आहे आणि दिव्याकडे झेपावणाऱ्या जीवांची हानीही आहे. घरच्या झुडपाला त्याहून पुष्कळ सोपे उपाय पुरतात.

भाऊंची किल्ली

संक्रांतीला भाऊ तिळगूळ घेऊन आले आणि या वेळी थेट गच्चीवर गेले. मी मागोमाग जिना चढलो. झाडाची अवस्था पाहून ते काही बोलले नाहीत. पिंपाजवळ बसले, दोन बोटे मातीत खुपसली, बोटांचा वास घेतला.

"पाणी किती घालतोस?"

"दोन्ही वेळा."

"आईनं थंडीत कधी दोन वेळा घातलं होतं का रे? हे वाळलेलं नाही. हे बुडालंय."

मी म्हणालो, "भाऊ, माझ्या हातून आईचं झाड गेलं. उद्या माळ्याला बोलावून काढून टाकतो." बँकेतील सवयच ती. नव्वद दिवस हप्ता आला नाही की खाते अनुत्पादित ठरते, आणि वसुलीची आशा संपली की ते निर्लेखित करायचे. मी तर नव्वद दिवसही थांबलो नव्हतो.

भाऊंनी खिशातून दुकानाची किल्ली काढली आणि एका फांदीची साल तांदळाच्या दाण्याएवढी अलगद खरवडली. आत तपकिरी, कोरडे. ते थोडे खाली सरकले, पुन्हा खरवडले. पुन्हा तपकिरी. बुंध्याजवळ आल्यावर सालीखाली ओलसर हिरवा रंग दिसला. दुसऱ्या फांदीवर तो अर्ध्या उंचीपर्यंत होता.

"हे बघ. आहे अजून. दिवाळीनंतर माल पडून राहतो म्हणून कोणी दुकान मोडतं का? होळीपर्यंत थांब. कात्री लावू नकोस, खत देऊ नकोस आणि ती झारी मला दे."

ते खरोखरच माझी झारी घेऊन गेले.

नाशिकच्या हिशेबाने

त्या हिवाळ्यानंतर मी वाचले, माळ्यांना विचारले, बागायतदार मित्रांकडून शिकलो. त्यातून स्वतःपुरते जे नियम ठरवले, ते असे.

छाटणी नवरात्रापूर्वी उरकावी. त्यानंतर महाशिवरात्रीपर्यंत कात्री पेटीत राहू द्यावी. उशिरा छाटले की कोवळी फूट येते, आणि कोवळी फूट थंडीची पहिली बळी ठरते. खताचेही तसेच. दसऱ्याच्या सुमारास चांगले कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत मूठभर द्यावे आणि मग थांबावे. थंडीत झाडाला वाढायचे नसते, टिकायचे असते.

दिवाळी झाली की मातीवर दोन-तीन इंच जाडीचे आच्छादन घालावे. वाळलेला पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा नारळाच्या शेंड्या, जे मिळेल ते. यामुळे ओल टिकते आणि रात्री मातीची ऊब लवकर जात नाही. आच्छादन बुंध्याला मात्र टेकू देऊ नये. चार बोटे जागा मोकळी सोडावी, नाहीतर साल कुजते.

पाणी किती घालायचे याचे उत्तर वारावर ठरत नाही, बोटावर ठरते. बोट दोन पेरे मातीत घालावे. ओल लागली तर झारी ठेवून द्यावी. कोरडे लागले तर पाणी द्यावे, आणि देताना कुंडीच्या तळातून निघेपर्यंत पुरते द्यावे. रोज वरवर शिंपडलेले थोडे पाणी खालच्या मुळांपर्यंत पोहोचत नाही. वेळ सकाळी नऊच्या पुढची, ऊन मातीवर आल्यानंतरची. संध्याकाळी घातलेले पाणी रात्रभर थंड होऊन मुळाशी बसते. कुंडीखालील ताटलीत साचलेले पाणी काढून टाकावे. जमिनीतील झुडपाला हिवाळ्यात बरेच कमी पाणी लागते. आपली काळी माती ओल धरून ठेवते.

लाटेची बातमी आली की एक गोष्ट आठवणीने करावी. आदल्या सकाळी माती तपासून कोरडी असल्यास पाणी द्यावे. ओलसर माती दिवसा उष्णता साठवते आणि रात्री ती हळूहळू सोडते. कोरड्या मातीला ते जमत नाही. बागायतदार पाणी सोडतात, त्यामागे हाही विचार आहे. ओलसर आणि चिखल यांतील फरक मात्र विसरू नये.

निरभ्र आकाश आणि पडलेला वारा, ही सर्वांत धोक्याची रात्र. ढग असले की ते गोधडीचे काम करतात. आकाश मोकळे असले की जमिनीची ऊब सरळ वर निघून जाते. अशा संध्याकाळी कुंड्या भिंतीलगत सरकवाव्यात. दिवसभर तापलेली पश्चिमेची भिंत रात्री थोडी थोडी ऊब देत राहते. झुडपाभोवती तीन-चार काठ्या रोवून त्यांवर जुनी चादर किंवा गोणपाट टाकावे. ते जमिनीपर्यंत यावे, म्हणजे मातीची ऊब आत राहते. प्लास्टिक वापरलेच तर पानांना चिकटू देऊ नये. जेथे ते चिकटते तेथेच पान करपते. सकाळी ऊन आले की आच्छादन काढायलाच हवे.

पिवळ्या पानांनी घाबरून जाऊ नये, परंतु पिवळेपण वाचायला शिकावे. खालची एखाद-दोन जुनी पाने पिवळी होऊन गळली, तर तो झाडाचा नित्यक्रम आहे. सदाहरित झाडही पाने बदलते. सगळी एकदम टाकत नाही, एवढेच. कोवळे पान पिवळे आणि शिरा तेवढ्या हिरव्या, असे अनंतावर हमखास दिसते. आपल्या मातीत आणि बोअरच्या पाण्यात चुना अधिक. त्यामुळे झाडाला लोह मिळत नाही, आणि थंड मातीत ते आणखी कमी मिळते. कडा तपकिरी आणि कुरकुरीत असतील तर तहान किंवा वारा. पाने मऊ पडून पिवळी होत असतील आणि मातीला आंबट वास येत असेल, तर पाणी जास्त झाले. एका रात्रीत शेंडे काळे पडले, तर थंडी.

किडीविषयी दोन शब्द. आपल्या घरांतून औषधाची बाटली सहसा आणली जात नाही, आणि हिवाळ्यात तिची गरजही थोडीच पडते. जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण किंवा कोवळ्या शेंड्यांवर मावा दिसतो, तो बहुधा खताने जबरदस्तीने फुटलेल्या पालवीवर. खत थांबवले की निम्मे काम होते. पाने पंधरा दिवसांतून एकदा सकाळच्या उन्हात साध्या पाण्याने हलक्या हाताने धुवावीत. हिवाळ्याची धूळ जाते. फारच भरलेली डहाळी असेल तर, कात्रीचा नियम तेवढ्यापुरता मोडून, ती हलकेच काढून अंगणाच्या कोपऱ्यात सावलीत ठेवून द्यावी. झाडही जीवच आहे आणि त्यावरचाही जीवच आहे. दोघांचा विचार करून जेवढे करता येते, तेवढे करावे.

शेवटचा नियम भाऊंचा. करपलेला भाग लगेच छाटू नये. वरची वाळकी पाने खालच्या जिवंत डोळ्यांवर पांघरुणासारखी असतात. नखाने किंवा किल्लीने साल किंचित खरवडावी. हिरवे दिसले तर जीव आहे. तपकिरी दिसले तर खाली सरकून पुन्हा पाहावे. आणि निर्णय होळीनंतर घ्यावा.

न्यू जर्सीची हॉली

कन्येला मी हेच तिकडच्या हवामानाप्रमाणे बदलून सांगितले. तिकडे माती थंड होऊन थांबत नाही, गोठते. गोठलेल्या मातीतून मूळ पाणी ओढूच शकत नाही आणि वर बर्फाळ वारा पानांतील ओलावा पळवतो. रोग तोच, तीव्रता अधिक. म्हणून तेथे शरद ऋतूत, जमीन गोठण्यापूर्वी, खोलवर पाणी द्यावे लागते. गोठलेल्या जमिनीवर कोमट पाणी घालून काही साधत नाही. ज्या दिवशी बर्फ वितळून माती मोकळी झालेली असेल, त्या दिवशी दुपारी माती कोरडी आहे का ते पाहून द्यावे. वाऱ्याच्या बाजूला खुंट ठोकून गोणपाटाचा आडोसा करावा. ताजा बर्फ फांद्यांवर साचला तर झाडूने खालून वर अलगद उडवावा. गोठून चिकटला असेल तर हात लावू नये, फांदी मोडते. रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ मुळांशी जाऊ देऊ नये.

मग तिने दुसरी तक्रार सांगितली. दारातल्या झुडपाला लाल फळे येतात, गॅरेजजवळच्याला एकही येत नाही. ते खराब निघाले, ते काढून टाकणार आहे. मी म्हणालो, "थांब." हॉलीत नर आणि मादी झाडे वेगवेगळी असतात. फळे मादीलाच येतात. पण जवळ नर नसेल तर मादीलाही धरत नाहीत. गॅरेजजवळचे ते 'खराब' झाड बहुधा नर होते आणि दारातली सारी शोभा त्याच्या भरवशावर चालली होती.

तिच्याकडची जात निळसर झाक असलेली आहे. तिच्या उगमाची हकिगत मला फार आवडते. इंग्लंडची देखणी हॉली अमेरिकेच्या ईशान्येकडील कडक हिवाळ्यात तग धरत नसे. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर राहणाऱ्या कॅथलीन मेसर्व्ह या हौशी बागकाम करणाऱ्या गृहिणीने १९५० च्या दशकात तिचा संकर जपानकडच्या एका बुटक्या, थंडी सोसणाऱ्या हॉलीशी केला. त्यातून निघालेल्या 'ब्लू प्रिन्स' आणि 'ब्लू प्रिन्सेस' या जाती आज तिकडे घरोघरी दिसतात आणि शास्त्रीय नावात त्या बाईंचे नाव कायमचे जोडले गेले आहे. घर सांभाळून केलेली हौसही केवढे काम करून जाते!

पुढे काय झाले

त्या वर्षी होळी झाली आणि त्यानंतरच्या आठवड्यात पिंपातल्या कुंतीच्या बुंध्यावर, भाऊंनी खरवडलेल्या जागेच्या जरा खाली, मोहरीएवढे हिरवे डोळे दिसले. मी भाऊंना फोन केला. ते दुकान मुलावर सोडून आले. सगळे झाड वाचले नाही. तीन मोठ्या फांद्यांपैकी एक पुरती गेली होती. ती मी स्वतः कापली. त्या बाजूने झुडूप अजूनही ओकेबोके दिसते. दोन फांद्या राहिल्या. पुढच्या पावसाळ्यात तिला फुले आली, फार नाहीत, पण संध्याकाळी गच्चीचे दार उघडले की कळत होते.

गेल्या जुलैमध्ये मी एका फांदीवर गुटी कलम बांधले. साल गोलाकार काढून, ओले शेवाळ लावून, वर प्लास्टिक गुंडाळले. दोन महिन्यांत आतून पांढरी मुळे दिसू लागली. ते रोप आता भाऊंच्या दुकानामागच्या अंगणात आहे. आईच्या वस्तूंपैकी हीच एक अशी निघाली की जी वाटली तरी कोणाचीही कमी झाली नाही. माझी झारी अजून त्यांच्याकडेच आहे. मी मागितलेली नाही.

कन्येने फोन ठेवण्यापूर्वी विचारले, "पप्पा, मग मी आत्ता नेमकं करू काय?" मी सांगितले, आडोसा कर, नखाने साल खरवडून बघ आणि हिरवे दिसले तर मेपर्यंत त्या झाडाविषयी कसलाही निर्णय घेऊ नकोस. दुसऱ्या दिवशी तिचा निरोप आला. दोन फांद्यांवर हिरवे आहे, एकीवर नाही. ती थांबणार आहे.

आपल्याही दारात या थंडीत एखादे झुडूप करपले असेल. माळ्याला बोलावण्यापूर्वी एकदा त्याची साल नखाने खरवडून पाहा.